एका बाइटचा तंटा

‘३० तारखेच्या आत माल द्यावा’ यात ३० तारीख धरायची की नाही? अशा शब्दांवरून व्यापारात तंटे होतात, संगणकांतही झाले. इंटरनेटवरील माहितीची ने-आण ठरविणाऱ्या टीसीपीच्या १९८१ च्या नियमपत्रात तातडीच्या मजकुराची खूण एके ठिकाणी शेवटच्या बाइटवर, तर दुसरीकडे त्यापुढच्या बाइटवर सांगितली होती. ‘शेवटचा बाइट खरा’, असा खुलासा १९८९ मध्ये झाला. तरी बहुतेक प्रणाली पुढच्याच बाइटवर चालत राहिल्या. अखेर २०११ मध्ये नियमच वहिवाटीप्रमाणे बदलला आणि नव्या प्रोग्रॅममध्ये ही सोय वापरू नये, असेही सांगितले गेले. व्यापारी बंधूंना आम्ही इतकेच सुचवू: अट लिहितानाच स्पष्ट लिहा. एकदा वहिवाट पडली की मागाहूनचा खुलासा कागदावरच राहतो.