आज फक्त बीच!

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? डेकवरचा स्विमिंग पूल, रात्रीचा झगमगीत शो आणि दिवसभर चालणारा बुफे. पण चौदा रात्रींच्या क्रूझवर सलग तीन दिवस नुसतं पाणीच दिसलं, की जीव आसुसतो तो जमिनीसाठी. मग येतो 'पोर्ट डे'. सकाळी जहाज धक्क्याला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधले सात-आठ तास तुमचे. प्रश्न एकच, त्यांचं करायचं काय?

फ्लोरिडाहून निघालेल्या आमच्या कॅरिबियन क्रूझवर माझं उत्तर एक्सेल शीटमध्ये तयार होतं. मुक्काम बार्बाडोस. आधी हॅरिसन्स केव्हमधल्या चुनखडीच्या गुहा, मग पूर्व किनाऱ्यावरचं बाथशीबा, मग केन्सिंग्टन ओव्हल आणि उरलेल्या वेळात शॉपिंग. सोबत आई. बँकेतून नुकतीच रिटायर झालेली. ही ट्रिप म्हणजे माझं तिला गिफ्ट. प्रत्यक्षात मात्र समुद्रावरचे तिन्ही दिवस मी जहाजाचं महागडं वायफाय घेऊन ऑफिसच्या मेल्सना उत्तरं देत होते आणि आई डेकवर एकटी.

राजधानी ब्रिजटाऊनला उतरताना मी तिला शीट वाचून दाखवली. ती म्हणाली, ''अगं, हे तर मार्च एंडिंग झालं! मला कुठेतरी नुसतं बसायचंय. तुझ्याबरोबर.''

शीट बॅगेत गेली.

ओव्हल मात्र बंदराच्या जवळच आहे आणि आई क्रिकेटवेडी. १९९७ मध्ये याच मैदानावर १२० धावांचा पाठलाग करताना सचिनची टीम ८१ वर गारद झाली होती. आणि इथेच २९ जून २०२४ ला रोहितच्या टीमनं दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी वर्ल्ड कप उचलला. बाहेर उभं राहून आईनं फोटो काढून घेतला, दोन्ही हात वर करून.

तिथून टॅक्सीनं कार्लाइल बे. शहराला अगदी खेटून असलेला, चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा. बार्बाडोसच्या पूर्वेला अटलांटिकच्या लाटा थडाथड आपटतात, पण ही पश्चिमेकडची बाजू आडोशाची. त्यामुळे पाणी तळ्यासारखं शांत आणि तळ दिसेल इतकं नितळ. दोन आरामखुर्च्या आणि एक छत्री भाड्यानं घेतली. बस्स. पुढचे पाच तास हाच आमचा पत्ता.

इथे बुडालेली जुनी जहाजं आणि समुद्री कासवं बघायला स्नॉर्केलिंगच्या बोटी जातात. ''जाऊया?'' मी विचारलं. ''तू जा,'' आई म्हणाली. मी नाही गेले.

''मी फक्त पाय भिजवणार हं,'' म्हणत आई पंजाबी ड्रेसमध्येच पाण्यात शिरली. घोटे, गुडघे, कंबर. मग माझे दोन्ही हात धरून चक्क तरंगली! मी म्हटलं, ''गणपतीपुळ्याला तर तू कधी घोट्याच्या वर गेली नाहीस.'' ती हसली. ''तिथला समुद्र ओढतो. आणि तुला धरायचं असायचं ना!''

साडेदहाला मोबाइल वाजला. भारतात रात्रीचे आठ. बॉसचा 'अर्जंट' मेल. आई काही बोलली नाही, फक्त पाण्याकडे बघत राहिली. मी फोन बंद करून तिच्या पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

दुपारी फ्लाइंग फिश कटर खाल्लं. म्हणजे गोल पावात घातलेला तळलेला मासा. इथल्या एक डॉलरच्या नाण्यावरही तोच उडता मासा आहे! सोबत पिवळाजर्द मोहरी-मिरचीचा झणझणीत सॉस. ''आपल्या बोंबलाची सर नाही, पण बरा आहे,'' असं सर्टिफिकेट देऊन आईनं आणखी एक मागवलं. मग छत्रीखाली ती चक्क घोरली. मीही.

त्या मेलला मी रात्री जहाजावरून उत्तर दिलं. बॉस खूश नव्हता. आई होती.

तुम्ही जाणार असाल तर...

- जहाजाचं घड्याळ आणि किनाऱ्यावरचं घड्याळ वेगळं असू शकतं. उतरण्यापूर्वी विचारून घ्या आणि निदान तासभर आधी परत या. जहाजाच्या स्वतःच्या टूरला उशीर झाला तर सहसा थांबतात, तुम्ही तुमचे फिरत असाल तर नाही.
- टॅक्सीला मीटर नसतो. बसण्यापूर्वीच भाडं ठरवा. २ बार्बाडोस डॉलर म्हणजे १ अमेरिकन डॉलर, म्हणून भाव कुठल्या डॉलरमध्ये सांगितलाय तेही विचारा.
- मिलिटरी प्रिंटचे कपडे घरीच ठेवा. इथे सामान्य माणसांना, अगदी लहान मुलांनाही, ते घालायला कायद्यानं बंदी आहे.
- काही किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं विषारी झाड असतं. त्याचं छोट्या हिरव्या सफरचंदासारखं फळ खाऊ नका, पावसात त्याखाली उभं राहू नका. अंगावर फोड येतात.
- कासवं दिसली तर लांबूनच बघा, हात लावू नका.
- आणि एक्सेल शीट? ऑफिसातच बरी!