उष्णतेचे चित्र आणि पितळी गडू

वैशाखात सूर्य मावळून दोन घटका झाल्या, तरी पश्चिमेकडच्या दगडी भिंतीजवळून जाताना गालाला ऊब लागते. भिंतीला आपण हात लावलेला नसतो; वाराही पडलेला असतो. ही ऊब किरणांच्या रूपाने येते, उजेड येतो तशीच. मात्र हा उजेड डोळ्यांना दिसत नाही.

त्याचा शोध १८०० साली इंग्लंडात विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाला लागला. रंगीत काचांतून सूर्याकडे पाहताना काही काचांतून उजेड थोडा पण ताप फार, असे त्याच्या ध्यानी आले. तेव्हा लोलकाने सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्याने निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवले. जांभळ्याकडून तांबड्याकडे जावे तसा पारा अधिक चढे. आणि तांबड्याच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथे तो सर्वांहून अधिक चढला! हेच अवरक्त किरण. तापमापकांचे फुगे त्याने काळे केलेले होते, ही बारीकशी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या त्वचेतून निघणारे किरण ९-१० मायक्रॉनच्या सुमारास सर्वांत तीव्र असतात. साधी काच त्यांना अडवते, म्हणून उष्णतेचे चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्याचे भिंग बहुधा जर्मेनियमचे करतात. भिंगामागे हजारो सूक्ष्म कण मांडलेले असतात. किरण पडताच कण किंचित तापतो, त्याचा विद्युत्‌रोध बदलतो, आणि त्यावरून यंत्र चित्र रेखाटते. चित्रातले तांबडे-पिवळे रंग यंत्राने आपल्या सोयीसाठी भरलेले असतात. भिंतीपलीकडचा माणूस त्यात दिसतो, ही निव्वळ दंतकथा!

खरी फसगत निराळीच आहे. आम्ही दोन पितळी गडू घेतले. एक चिंचेने लखलखीत घासलेला, दुसरा बाहेरून काजळी धरलेला. दोहोंत सारखेच उकळते पाणी ओतले. कॅमेऱ्यात काळा गडू निखाऱ्यासारखा दिसला. लखलखीत गडू मात्र थंडगार, आणि त्याच्या अंगावर आमच्याच चेहऱ्याची अंधुक छाया! बोट लावले असते तर पोळलेच असते. काळा पृष्ठभाग किरण सढळ हाताने सोडतो. चकचकीत धातू स्वतःचे फार थोडे सोडतो आणि आसपासचे परतवतो. हर्शेलने फुगे काळे का केले, ते आता उमगेल. जो उत्तम शोषतो, तोच उत्तम उत्सर्जितो.

त्वचा या बाबतीत काळ्या गडूसारखीच आहे. तरीही २०२० च्या साथीत दारोदारी कपाळावर रोखलेली यंत्रे कातडीचे तापमान वाचत होती, आतल्या शरीराचे नव्हे. उन्हातून आलेला निरोगी माणूस अडे, आणि घामाने कपाळ गार झालेला तापकरी सुटे. शिवाय ताप नसलेले बाधितही होतेच.

वीजफलकावरच्या चकचकीत पट्ट्या तपासायच्या असल्या, म्हणजे जाणते कारागीर वीज बंद असतानाच त्यांवर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवतात. पुढे वीज सुरू झाल्यावर कॅमेरा रोखतात तो त्या तुकड्यावर.