लॅपटॉपच्या पडद्याचे दूरचित्रवाणी संचावर बिनतारी प्रक्षेपण

लॅपटॉपच्या पडद्यावरील चित्र व त्यासोबतचा ध्वनी कोणतीही तार न जोडता, रेडिओ लहरींच्या साहाय्याने दूरचित्रवाणी संचावर दाखवण्याच्या तंत्राला बिनतारी पडदा-प्रक्षेपण म्हणता येते. व्यवहारात यासाठी 'स्क्रीन मिररिंग', 'कास्टिंग' आणि 'वायरलेस डिस्प्ले' हे शब्द रूढ आहेत. मिराकास्ट, एअरप्ले आणि गूगल कास्ट या त्याच्या तीन प्रमुख पद्धती होत. या पद्धती परस्परांशी सुसंगत नाहीत. त्यामुळे लॅपटॉप व दूरचित्रवाणी संच दोन्ही नवे आणि महागडे असूनही एकमेकांना ओळखत नाहीत, असे घडू शकते. हे तंत्र घरगुती मनोरंजन, कार्यालयीन बैठका व वर्गाध्यापन यांसाठी वापरले जाते.

पार्श्वभूमी

संगणकाचे चित्र दुसऱ्या पडद्यावर दाखवण्यासाठी दीर्घकाळ तारेचाच वापर होत असे. १९८७ साली आयबीएम कंपनीने आणलेली व्हीजीए जोडणी अनेक वर्षे प्रचलित होती. तिच्यातून केवळ चित्र जात असे. ध्वनीसाठी वेगळी तार लागे. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि चित्र व ध्वनी एकाच तारेतून अंकीय स्वरूपात नेण्याची सोय झाली.

वाय-फायचा वेग वाढल्यावर तारेला पर्याय शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले. इंटेल कंपनीने जानेवारी २०१० मध्ये 'वायडाय' हे तंत्र सादर केले. परंतु ते त्या कंपनीच्या ठरावीक प्रोसेसरांपुरते मर्यादित होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲपलने एअरप्ले आणले. सप्टेंबर २०१२ मध्ये वाय-फाय अलायन्स या संघटनेने मिराकास्ट या सामाईक मानकाचे प्रमाणीकरण सुरू केले. जुलै २०१३ मध्ये गूगलने ३५ डॉलर किमतीचे क्रोमकास्ट हे छोटे उपकरण बाजारात आणले. दूरचित्रवाणी संचाच्या एचडीएमआय खाचेत ते बसवता येत असल्याने जुन्या संचांनाही ही सोय मिळाली.

प्रतिबिंबन व कास्टिंग यांतील भेद

हे दोन शब्द अनेकदा समानार्थी म्हणून वापरले जातात. प्रत्यक्षात त्यांची कार्यपद्धती भिन्न आहे.

प्रतिबिंबनात म्हणजे मिररिंगमध्ये लॅपटॉपच्या पडद्यावर जे दिसते ते सर्व जसेच्या तसे दूरचित्रवाणीवर उमटते. लॅपटॉप आपल्या पडद्याची सतत चित्रे घेऊन ती पाठवत राहतो. लॅपटॉप बंद केल्यास किंवा दूर नेल्यास प्रक्षेपण थांबते.

कास्टिंगमध्ये लॅपटॉप चित्र पाठवत नाही, तर ते कोठे मिळेल एवढेच कळवतो. दूरचित्रवाणी संच किंवा त्याला जोडलेले उपकरण ती चित्रफीत स्वतः आंतरजालावरून मिळवते. त्यानंतर लॅपटॉपचे काम केवळ दूरनियंत्रकाचे उरते.

फळ्यावरील मजकूर शब्दशः वहीत उतरवून घेणे आणि पुस्तकाचे नाव व पृष्ठांक ऐकून ते पुस्तक स्वतः ग्रंथालयातून आणणे, यांत जो फरक आहे तोच या दोन रीतींत आहे. पहिल्या रीतीत फळा सतत समोर असावा लागतो. दुसऱ्या रीतीत ग्रंथालयाचे दार उघडे असावे लागते. म्हणूनच इंटरनेट नसलेल्या ठिकाणी प्रतिबिंबन शक्य असते, परंतु इंटरनेटवरील चित्रफीत कास्ट करता येत नाही. उलट, लांबीचा चित्रपट पाहताना कास्टिंग अधिक सुरळीत चालते आणि लॅपटॉपची बॅटरीही कमी खर्च होते.

कार्यपद्धती

पूर्ण एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० प्रतिमाबिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट धरले आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवायची म्हटली, तर दर सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट इतकी माहिती निर्माण होते. घरगुती वाय-फायला एवढा भार पेलणे कठीण असते. त्यामुळे पाठवण्यापूर्वी या माहितीचे संकोचन म्हणजे कॉम्प्रेशन करावे लागते.

संकोचनासाठी प्रामुख्याने एच.२६४ हे मानक वापरले जाते. लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये बहुतांश भाग सारखाच असतो, या गोष्टीचा त्यात उपयोग करून घेतला जातो. अधूनमधून एक संपूर्ण चित्र पाठवले जाते आणि मधल्या काळात केवळ झालेला बदल कळवला जातो. यामुळे माहितीचा प्रवाह सेकंदाला काही दशलक्ष बिटांपर्यंत खाली येतो. स्थिर मजकूर असलेले पान सहज पोहोचते, तर वेगवान हालचालीची चित्रफीत अडखळते, याचे कारण हेच आहे.

संपूर्ण प्रक्रिया पुढील टप्प्यांत घडते : लॅपटॉप पडद्याचे चित्र टिपतो; ते संकोचित करतो; त्याचे लहान लहान पुडके करून वाय-फायवरून पाठवतो; दूरचित्रवाणीकडील ग्राही भाग ती पुडकी क्रमाने लावतो, त्यांतून चित्र पुन्हा उभे करतो आणि पडद्यावर दाखवतो. प्रत्येक टप्प्याला थोडा वेळ लागतो. या सर्वांची बेरीज म्हणजे विलंब. त्यामुळेच लॅपटॉपवर माऊस हलवल्यानंतर क्षणभराने दूरचित्रवाणीवरील बाण हलतो. चित्रपट पाहताना हा विलंब जाणवत नाही, कारण चित्र व ध्वनी दोन्ही सारखेच मागे असतात. संगणकीय खेळ खेळताना मात्र तो अडचणीचा ठरतो.

प्रमुख पद्धती

मिराकास्ट : ही पद्धत वाय-फाय डायरेक्टवर आधारलेली आहे. यात लॅपटॉप व दूरचित्रवाणी संच एकमेकांशी थेट जोडले जातात. राउटरची किंवा इंटरनेटची आवश्यकता नसते. विंडोज ८.१ पासून ही सोय विंडोजमध्ये अंतर्भूत आहे. २०१७ पासून विंडोज १० मध्ये उपलब्ध झालेल्या सुधारणेमुळे, ग्राही उपकरणाची तशी क्षमता असल्यास मिराकास्टचा प्रवाह घरातील अथवा कार्यालयातील जाळ्यातूनही पाठवता येतो. लॅपटॉपमधील वाय-फाय कार्ड व ग्राफिक्स या दोहोंची चालक-प्रणाली मिराकास्टला अनुकूल असावी लागते.

एअरप्ले : ही ॲपलची पद्धत आहे. मॅक संगणकाच्या पडद्याचे प्रतिबिंबन २०१२ मधील ओएस एक्स माउंटन लायन या आवृत्तीपासून शक्य झाले. आरंभी यासाठी ॲपल टीव्ही हे उपकरण आवश्यक होते. २०१९ पासून सॅमसंग, एलजी, सोनी इत्यादी कंपन्यांच्या काही संचांत एअरप्ले २ ची सोय देण्यात आली. मॅकमध्ये मिराकास्टची सोय नाही.

गूगल कास्ट : लॅपटॉपवर क्रोम ब्राउझर असल्यास विंडोज, मॅक अथवा लिनक्स यांपैकी कोणत्याही प्रणालीवरून ही पद्धत वापरता येते. संपूर्ण पडदा पाठवण्याऐवजी ब्राउझरचे केवळ एक पान पाठवण्याची सोय हे तिचे वैशिष्ट्य आहे. लॅपटॉप व ग्राही उपकरण एकाच जाळ्यात असणे आवश्यक असते. क्रोमकास्ट उपकरणांचे उत्पादन २०२४ मध्ये बंद झाले; तथापि अनेक दूरचित्रवाणी संचांमध्ये गूगल कास्ट अंतर्भूत असते.

जोडणीची रीत

विंडोज १० व ११ मध्ये विंडोज व 'के' या कळा एकत्र दाबल्यास आसपासच्या ग्राही उपकरणांची यादी दिसते. त्यापूर्वी दूरचित्रवाणी संचावर 'स्क्रीन मिररिंग', 'स्क्रीन शेअर' किंवा तत्सम नावाची सोय सुरू करावी लागते. यादीतून संचाचे नाव निवडल्यावर काही वेळा संचाच्या पडद्यावर दिसणारा क्रमांक लॅपटॉपवर भरावा लागतो. जोडणी झाल्यावर विंडोज व 'पी' या कळांनी प्रक्षेपणाचा प्रकार ठरवता येतो. 'डुप्लिकेट' निवडल्यास दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसते. 'एक्स्टेंड' निवडल्यास दूरचित्रवाणी हा स्वतंत्र दुसरा पडदा होतो.

मॅकमध्ये नियंत्रण केंद्रातील 'स्क्रीन मिररिंग' हे चिन्ह निवडावे लागते. क्रोम ब्राउझरमध्ये उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांच्या यादीत 'कास्ट' हा पर्याय असतो.

सामान्य अडचणी व त्यांची कारणे

संचाचे नाव यादीत न दिसणे ही सर्वाधिक आढळणारी अडचण होय. एअरप्ले व गूगल कास्ट यांमध्ये लॅपटॉप एका जाळ्यात आणि संच दुसऱ्या जाळ्यात असल्यास असे होते. महाविद्यालये, वसतिगृहे व हॉटेले यांच्या वाय-फायमध्ये सुरक्षिततेसाठी एका उपकरणाला दुसरे उपकरण दिसू नये अशी योजना अनेकदा केलेली असते. अशा ठिकाणी दोन्ही उपकरणे एकाच जाळ्यात असूनही जोडणी होत नाही. मिराकास्टच्या बाबतीत चालक-प्रणाली जुनी असणे हे प्रमुख कारण असते.

चित्र अडखळणे हे बहुधा लहरींच्या गर्दीमुळे घडते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांवर न येणारे मार्ग व्यवहारतः तीनच असतात. इमारतीतील शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ उपकरणे आणि सुरू असलेली मायक्रोवेव्ह भट्टी यांचाही वावर याच पट्ट्यात असतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा अधिक असते, परंतु त्या लहरी भिंतींमधून कमी पार होतात. भारतात ऑक्टोबर २०१८ मधील अधिसूचनेने या पट्ट्याचा बराच मोठा भाग परवान्याविना वापरण्यास खुला झाला. लॅपटॉप संचाच्याच खोलीत ठेवणे व ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडणे, एवढ्यानेही पुष्कळदा सुधारणा होते.

चित्राच्या कडा कापल्या जाणे हे जुन्या काचनळीच्या संचांपासून चालत आलेल्या रिवाजाचे फळ आहे. त्या काळी चित्र पडद्यापेक्षा किंचित मोठे करून दाखवत असत. संचाच्या चित्रविषयक मांडणीत मूळ आकार निवडल्यास हा दोष दूर होतो. बारीक रंगीत अक्षरे पुसट दिसतात, कारण संकोचनात रंगांचा तपशील प्रकाशमानाच्या तपशिलापेक्षा कमी ठेवला जातो. अशा वेळी अक्षरांचा आकार वाढवणे हाच सोपा उपाय असतो. विलंब कमी करण्यासाठी अनेक संचांत 'गेम मोड' असतो. त्यात संच चित्रावरील स्वतःचे संस्कार कमी करतो.

प्रताधिकार व काळा पडदा

काही चित्रपट-सेवांमधील चित्रफीत प्रतिबिंबित केल्यास ध्वनी ऐकू येतो, परंतु चित्राच्या जागी काळा पडदा दिसतो. हा उपकरणाचा बिघाड नसतो. नक्कल होऊ नये यासाठी अशा चित्रफिती सांकेतिक स्वरूपात बद्ध केलेल्या असतात आणि मार्गातील प्रत्येक उपकरणाने एचडीसीपी या संरक्षण-पद्धतीची ओळख पटवावी लागते. ती न पटल्यास चित्र रोखले जाते. अशा वेळी त्या सेवेचे दूरचित्रवाणी संचावरील ॲप वापरणे किंवा तिने परवानगी दिल्यास कास्ट करणे हे योग्य मार्ग आहेत.

गोपनीयता व सुरक्षितता

प्रतिबिंबनात पडदा निवड करत नाही. लॅपटॉपवर अचानक उमटणारा खासगी संदेश, ई-पत्राची सूचना, बँकेचा तपशील किंवा उघडी राहिलेली कागदपत्रे समोर बसलेल्या सर्वांना दिसतात. परीक्षेची प्रश्नपत्रिका किंवा विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती लॅपटॉपवर असलेल्या शिक्षकाच्या बाबतीत हा धोका विशेष गंभीर ठरतो. प्रक्षेपणापूर्वी सूचना बंद करणे, संपूर्ण पडद्याऐवजी एकच पान पाठवणे किंवा 'एक्स्टेंड' पर्याय वापरून आवश्यक तेवढेच दुसऱ्या पडद्यावर नेणे, ही सुरक्षित पथ्ये आहेत.

लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. सदनिकांच्या इमारतीत एकाच कंपनीचे अनेक संच असल्यास यादीत सारखी नावे दिसतात आणि चुकीचा संच निवडला जाऊ शकतो. संचाला ओळखू येईल असे वेगळे नाव देणे व जोडणीसाठी क्रमांक विचारण्याची सोय सुरू ठेवणे यामुळे ही चूक टळते. जानेवारी २०१९ मध्ये राउटरच्या सदोष मांडणीचा लाभ घेऊन हजारो क्रोमकास्ट उपकरणे व संचांवर परस्पर चित्रफीत दाखवण्यात आली होती. घरातील उपकरणे बाहेरच्या इंटरनेटला थेट उघडी राहू नयेत, हा धडा या घटनेने दिला.

शिक्षणातील उपयोग

वर्गात दूरचित्रवाणी संच असल्यास शिक्षकाला लॅपटॉपसह खोलीत कोठूनही शिकवता येते. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात उपलब्ध असल्याने धड्यातील नकाशा, आकृती किंवा कविता मोठी करून दाखवता येते. इंटरनेट खंडित असलेल्या शाळेत मिराकास्ट उपयुक्त ठरते, कारण आधी उतरवून घेतलेली सामग्री राउटरशिवाय दाखवता येते. मात्र शेवटच्या बाकावरून वाचता यावे यासाठी अक्षरांचा आकार लॅपटॉपवर नेहमी असतो त्याहून बराच मोठा ठेवावा लागतो.

मर्यादा

बिनतारी जोडणीचे आयुष्य केवळ यंत्राच्या टिकाऊपणावर अवलंबून नसते. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणे अचानक निकामी झाली. त्यांच्या यंत्रभागात कोणताही बिघाड नव्हता. ओळख पटवणाऱ्या अंकीय प्रमाणपत्राची मुदत संपली होती. काही दिवसांत गूगलने सुधारणा पाठवून ती पूर्ववत केली. चांगल्या स्थितीतील उपकरणही निर्मात्याच्या साहाय्याविना निरुपयोगी होऊ शकते, हे या प्रसंगातून दिसून आले.

एचडीएमआय तारेला संकोचन, लहरींची गर्दी किंवा राउटर यांची अडचण नसते आणि तिच्यातील विलंब नगण्य असतो. त्यामुळे बिनतारी सोय सुलभ असली, तरी व्याख्यान, परीक्षा-मार्गदर्शन अथवा जाहीर सादरीकरण अशा खंड न चालणाऱ्या प्रसंगी योग्य लांबीची एक तार जवळ बाळगणे श्रेयस्कर मानले जाते.