स्वतःला सूचना, सहा टप्प्यांत

पद्धत : ऑटोजेनिक ट्रेनिंग. ताण आणि चिंतेसाठी वापरला जाणारा स्वसंमोहनाचा एक प्रकार. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ योहान्नेस शुल्ट्झ यांनी बर्लिनमध्ये विकसित केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९३२चं. मुळाशी ऑस्कर फोग्ट यांचं निरीक्षण : संमोहनाचा सराव झालेले रुग्ण स्वतःहूनही त्या अवस्थेत जातात.

सूचनांचा क्रम : हात-पाय जड. हात-पाय उबदार. हृदयाचे ठोके शांत. श्वास संथ. पोटात ऊब. कपाळ गार.

सराव : बसून किंवा आडवं पडून, डोळे मिटून. एकेक वाक्य मनातल्या मनात, सावकाश, पुन्हा पुन्हा. जडपणा जाणवू लागला की मगच उबेकडे. सगळे टप्पे बसायला काही आठवडे ते महिने लागतात. जोर लावला तर उलट शरीर ताठरतं. सूचना द्यायची आणि वाट पाहायची.

बाहेर येणं : मुठी आवळा, हात ताणा, दीर्घ श्वास घ्या, डोळे उघडा. नवशिके हेच विसरतात आणि गुंगी रेंगाळते. झोपण्यापूर्वीच्या सरावात याची गरज नाही.

वेगळं काय : एडमंड जेकबसन यांच्या पद्धतीत (पुस्तक १९२९) स्नायू आधी आवळून मग सोडतात. इथे आवळणं नाही, केवळ सूचना. योगनिद्रेत बहुधा दुसऱ्याचा आवाज ऐकायचा असतो. इथे शब्द स्वतःचे.

खबरदारी :
• वाहन चालवताना मुळीच नको.
• भ्रम-भास होणारे मनोविकार, हृदयविकार किंवा मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.
• चालू औषधं परस्पर बंद करू नका.
• मानसिक आरोग्यासाठी सरकारी ‘टेलि-मानस’ : १४४१६