सुलतान बाजारचे न्यायमूर्ती

सुलतान बाजारातील आर्यसमाजाच्या वास्तूवरून रोज हजारो माणसे जातात. पण केशवराव कोरटकर हे नाव आज किती जणांस आठवत असेल? १८६७ साली परभणीकडील पुरजळ गावी जन्मलेल्या या मराठी गृहस्थांनी गुलबर्ग्यास वकिली केली, पुढे हैदराबाद गाठले आणि अखेर निजामाच्या हायकोर्टात न्यायासन भूषविले.

संस्थानच्या न्यायालयांत १८८४ सालापासून फारसीची जागा उर्दूने घेतली होती. अशील बोले मराठी, तेलुगू किंवा कानडी. त्याची फिर्याद चाले उर्दूत. त्याच भाषेत केशवरावांनी नाव मिळविले. परंतु मुलांनी मायबोलीत शिकावे हा ध्यास काही सुटला नाही. १९०७ साली विवेकवर्धिनी निघाली, ती त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने.

सुलतान बाजार तेव्हा रेसिडेन्सी बाजार होता. तेथे ब्रिटिश रेसिडेंटाचा अंमल चाले. १९३३ साली तो भाग निजामाकडे परत गेला आणि त्यास आजचे नाव मिळाले. निजामी हद्दीपेक्षा येथे सभासंस्थांस थोडी मोकळीक असे. १८९२ साली निघालेल्या येथील आर्यसमाजाचे अध्यक्षपदही केशवरावांनी अनेक वर्षे सांभाळले.

या कर्तृत्वाशेजारी एक बोचरी आठवणही ठेवली पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्याच सभागृहात अण्णासाहेब कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली. आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलू लागताच श्रोत्यांनी हुल्लड करून त्यांना बसविले. त्याच रात्री तेलुगू मंडळी एकत्र जमली आणि आंध्र जनसंघाचा पाया घातला गेला. कचेरीत मराठीला जागा नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या भाषेची टवाळी करावी, हा अन्याय कोणत्या कोर्टात मांडायचा?

केशवराव १९३२ साली निवर्तले. गुरुकुल कांगडीत शिकलेले त्यांचे पुत्र बॅरिस्टर विनायकराव विद्यालंकार पुढे हैदराबादचे मंत्री झाले. १९४० साली नारायणगुड्यात केशव मेमोरियल शाळा निघाली, ती वडिलांच्याच स्मरणार्थ. त्यांचे निकाल जुन्या दप्तरांत पडून असतील. जांबागेत विवेकवर्धिनीची घंटा मात्र अजून वाजते. त्या अंगणात आता तेलुगू पोरेही खेळतात. १९२१ सालच्या त्या रात्रीचे देणे थोडे तरी फिटले म्हणायचे.