नर्सिंगला जायचे आहे? आधी मान्यता पाहा, मग फी भरा

बारावीचा निकाल लागला की पेण आणि रोहा तालुक्यांतील आमच्या वस्त्यांतून एक प्रश्न हमखास कानी येतो, "मुलीला नर्सिंगला घालायचे आहे, कुठे घालू?" बाप धाटावच्या कारखान्यात कंत्राटी कामगार, नाही तर पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला, आई चार घरची धुणीभांडी करणारी. अशा घरात फीचा पहिला हप्ता बहुधा उसनवारीचा असतो. म्हणून तो कुठे भरायचा, याचा विचार आधी केला पाहिजे.

‘सहा महिन्यांत नर्स’, ‘वर्षात हमखास नोकरी’ अशा जाहिरातींना आमच्या भगिनींनी भुलू नये. अशा वर्गाचे प्रमाणपत्र फार तर रुग्णसहायकाचे असते. त्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नाही तर सरकारी दवाखान्यात परिचारिकेची जागा नाही. खासगीत ठेवून घेतात, पण काम नर्सचे आणि पगार आयाचा! संस्थेला परिषदेची मान्यता आहे काय, हे कागद पाहूनच ठरवावे. तोंडी शब्दावर जाऊ नये.

तीन वाटा

पहिली वाट ए.एन.एम.ची. मुदत दोन वर्षे, बारावी कोणत्याही शाखेची चालते, प्रवेश फक्त मुलींना. पुढे उपकेंद्रात आरोग्यसेविका होता येते. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, वाडीवस्तीवरील भेटी हे तिचे काम. सपाट भागात ५,००० आणि डोंगरी, आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असे सरकारी प्रमाण आहे. कातकरी वाड्यांच्या आपल्या भागात या कामाचे मोल मोठे आहे.

दुसरी वाट जी.एन.एम.ची. मुदत तीन वर्षे. कला शाखेच्या मुलीलाही जाता येते आणि मुलांनाही दार उघडे आहे. अलिबागचे जिल्हा रुग्णालय, पेण व रोह्याची उपजिल्हा रुग्णालये अशा ठिकाणच्या अधिपरिचारिकेच्या जागांसाठी ही वाट.

तिसरी बी.एस्सी. नर्सिंगची. मुदत चार वर्षे, बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र हवे, शिवाय राज्याची सीईटी द्यावी लागते. अध्यापन, वरची पदे आणि परदेश यांसाठी हीच उत्तम.

आमचे मत विचाराल तर घरची ओढ असली म्हणून वर्षभराच्या प्रमाणपत्राला जाऊ नये, जी.एन.एम. करावे. नोकरी लागल्यावर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. वाट लांबते, पण बंद होत नाही.

अभ्यासाला घाबरू नका

मराठी माध्यमातून आलेली मुलगी पहिल्या सहा महिन्यांत रडते, हे आम्ही पाहिले आहे. अडते ते बुद्धीपाशी नव्हे, इंग्रजीपाशी. यावर उपाय आहे, शब्द फोडून पाठ करावेत. ‘टॅकी’ म्हणजे जलद, ‘ब्रॅडी’ म्हणजे मंद, ‘कार्डिया’ हृदयाचे. ‘हिपॅट’ यकृताचे, ‘नेफ्र’ मूत्रपिंडाचे आणि शेवटी ‘आयटिस’ आले की दाह. मग हिपॅटायटिस, नेफ्रायटिस आपोआप उलगडतात. असे रोज पाच तुकडे वहीत लिहिले तर वर्षअखेर पुस्तक परके वाटत नाही.

दुसरी भीती गणिताची. ५०० मि.ली. सलाईन आठ तासांत द्यायचे आहे आणि नळीतून २० थेंबांना एक मि.ली. पडते. म्हणजे एकूण १०,००० थेंब आणि ४८० मिनिटे. मिनिटाला सुमारे २१ थेंब. गणित सातवीचेच आहे, पण चुकले तर रुग्णाच्या जिवावर बेतते. म्हणून ते रोज करावे.

पैशाची सोय

बौद्ध समाजाला अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या कायदेदुरुस्तीने मिळाल्या. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अर्ज महाडीबीटीवर किंवा समाजकल्याण कार्यालयात चौकशी करून भरावेत. मात्र एक ध्यानात ठेवावे, व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर शिष्यवृत्ती जाते. दलाल "जागा करून देतो" म्हणतो तेव्हा तो बहुधा याच कोट्याबद्दल बोलत असतो. जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला बारावीच्या वर्षीच तयार ठेवावा. निकालानंतर तहसील कचेरीत गर्दी होते आणि प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबत नाही.

पालकांना एकच सांगणे. मुलीला रात्रपाळी करावी लागेल, शेजारीपाजारी बोलतील. तेव्हा तिच्या मागे उभे राहा. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुल्यांनी प्राण वेचले. ज्या कामासाठी त्या झिजल्या, ते काम करणाऱ्या लेकीकडे बोट दाखवण्याचा अधिकार कुणालाही नाही.