आधी मधली शीर

पिंपळाचं कोवळं पान काढायचं तर सुरुवात कडेपासून करू नये. आधी मधली शीर ओढावी, देठापासून टोकापर्यंत, हात न उचलता. नवं पान ताठ नसतं, देठापासूनच खाली लोंबतं. तो झोल या एका रेघेत उतरला की निम्मं पान साधलं. मग ते लांब, निमुळतं टोक. मग दोन्ही बाजूंच्या शिरा. त्या थेट कडेला भिडत नाहीत, कडेच्या जरा अलीकडे वळून एकमेकींना मिळतात. जन्मभर पिंपळाखालून जाणाऱ्याच्याही हे ध्यानात येत नाही. पेन्सिल हातात आली की येतं.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि कोरोनामुळे लागलेली देशभरची टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत गुढ्या उभ्या राहिल्या, पण कुणी कुणाकडे गेलं नाही. माझ्या खिडकीसमोर पिंपळ आहे आणि कुंपणाच्या भिंतीलगत कडुनिंब. कागद-रंगांची दुकानं बंद होती. घरात मुलांची अर्धी कोरी चित्रकलेची वही आणि केक कलरची जुनी पेटी सापडली. तेवढ्यावर भागलं.

पिंपळाची सगळी पालवी एकदम फुटत नाही. एक फांदी तांबूस झालेली असते, तेव्हा शेजारची अजून उघडीच असते. टोकाशी लांबट, अणकुचीदार कळी असते. तिच्यावरचं पातळ आवरण गळून पडतं आणि आत घडी घातलेलं पान सुटं होतं. त्याचा रंग पकडणं हे खरं काम. आधी फिकट पिवळ्याचा हात द्यायचा आणि तो ओला असतानाच बर्न्ट सिएनात किंचित क्रिमसन मिसळून सोडायचा. पानावरची चकाकी रंगाने येत नाही. तिथे कागद कोरा ठेवावा लागतो. नव्या पानात हरितद्रव्य पुरतं तयार झालेलं नसतं, म्हणून अँथोसायनिन हे तांबडं रंगद्रव्य उठून दिसतं. कोवळ्या पेशींना उन्हाच्या माऱ्यापासून जपण्याचं काम ते करतं. पुढे पान हिरवं होत जातं, तशी पेटीतली क्रिमसनची वडी बाजूला पडते.

कडुनिंबाचं फूल जेमतेम एक सेंटिमीटरचं. पाच पांढऱ्या पाकळ्या, मधे छोटीशी नळी, नळीच्या आत दहा परागकोश. भिंगाशिवाय ते दिसत नाहीत. पानाची तर गंमतच आहे. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, एक रुंद, एक अरुंद. दोन्ही सारख्या काढल्या की ते कडुनिंबाचं पान राहत नाही.

त्या दिवसांत संध्याकाळ झाली की टीव्हीवर आकडे यायचे: रुग्ण किती, मृत्यू किती. वहीसमोरही मी मोजतच बसे, पण पाकळ्या आणि शिरा. दोन्ही मोजण्या एका वेळी मनात मावत नाहीत. दिलासा मिळतो तो यातून. चित्र सुंदर होण्याशी किंवा वसंत काही आशा देण्याशी त्याचा संबंध नाही. झाडाला आपल्या संकटाची खबरही नसते.

त्याच वसंतात चित्रकार डेव्हिड हॉकनी फ्रान्समधल्या नॉर्मंडीत आयपॅडवर बहरणारी झाडं काढत होते. वय ८२. त्यांनी डॅफोडिलचं एक चित्र जगापुढे ठेवलं, ‘वसंत कुणाला रद्द करता येत नाही, हे विसरू नका’ अशा अर्थाचं नाव देऊन. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्या वसंताची ११६ चित्रं मांडली गेली. डॅफोडिलच्या चित्राचं नाव उमेद देणारं आहे. मला मात्र त्या आकड्यामागची रोजची बैठक जास्त पटते.

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले. ही लाट जास्त जवळून गेली. ओळखीतल्या कुणासाठी ऑक्सिजनची खाट, कुणासाठी रेमडेसिविर. दिवसभर फोन चालायचे. चित्रांनी कुणाला खाट मिळवून दिली नाही. पण एका नकारानंतर पुढचा नंबर फिरवताना आवाज स्थिर लागतो, आणि तो मला चार शिरा ओढल्यावर सापडायचा. वहीतलं पान अर्धवट राहिलं तरी चालत होतं. फोन राहून चालणार नव्हता.